रक्तातील जंतू आणि औषधाची परीक्षा



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, समाजकारण असे विषय शोभतात. मी मात्र आज शिरूर अनंतपाळच्या रसिकांपुढे तापाचा विषय घेऊन उभा आहे. ज्या घरी लेकरू आठ दिवस तापाने फणफणले आहे, त्या घराला ह्याहून जवळचा विषय कोणता असणार?

मुदतीचा ताप म्हणून आपल्या आजीपणजीला ठाऊक असलेला विषमज्वर हा रक्तात जंतू शिरल्याचाच रोग होय. त्यावर पूर्वी औषध नव्हते. तीन-चार आठवडे शुश्रूषा करावयाची आणि मुदत भरण्याची वाट पाहावयाची, एवढेच घरच्यांच्या हाती असे. 1948 साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध विषमज्वरावर वापरले गेले आणि रोगी थोड्याच दिवसांत तापातून उठू लागले. आपल्याकडेही प्रतिजैविकांचे युग फार मागे राहिले नाही. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली आणि 1955 पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जंतुरोगांची कटकट आता मिटली, असे त्या काळी पुष्कळांना वाटले.

ती मिटली नाही. 1972 साली मेक्सिकोत, आणि त्याच सुमारास आपल्या देशात कालिकत येथे, क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. 1990 च्या आगेमागे तर एकाच वेळी तीन जुन्या औषधांना न जुमानणारा जंतू भारतभर आढळू लागला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. काही वर्षांत तेही बोथट झाले. आज सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ह्यांवर भिस्त आहे. परंतु 2016 पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा विषमज्वर पसरला. गंमत अशी, की भारतात ह्या जंतूच्या बहुतेक नमुन्यांवर ती जुनी औषधे आता पुन्हा लागू पडताना दिसतात. मग गेल्या वर्षी शेजाऱ्याला जे औषध लागू पडले, ते आज आपल्याला पडेल हे कशावरून ठरवावे?

ह्याचे उत्तर एकच. ज्या जंतूशी लढावयाचे, त्यालाच विचारावे. शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. माती तपासल्यावाचून खताची पोती ओतणारा माणूस पैसा घालवतो आणि पीकही घालवतो.

ही परीक्षा करतात तरी कशी? दंडाची कातडी जंतुनाशकाने नीट पुसून रक्त घेतात. मोठ्या माणसाचे एकेका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर, लहान मुलाचे अर्थातच पुष्कळ कमी. बाटलीत जंतूंना पोषक असा रस असतो. ती शरीराइतक्या उबेत ठेवली, म्हणजे विरजण लागावे तसे, रक्तातील मूठभर जंतू वाढून असंख्य होतात. ह्याला ब्लड कल्चर म्हणतात. वाढलेले जंतू मग एका सपाट तबकडीवर पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर एखाद्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. तेथे जंतू वाढलेला नसतो. दुसरीला तो अगदी खेटून वाढलेला असतो. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून, ठरलेल्या कोष्टकाशी ताडून, कोणते औषध चालेल आणि कोणते नाही ते सांगतात. ह्या सर्वांस बहुधा दोन-तीन दिवस लागतात.

आपल्याकडे तापात ‘विडाल’ करून घेण्याची फार चाल आहे. ती 1896 सालची परीक्षा. ती पुष्कळदा फसवते, आणि कोणते औषध चालेल हे तर ती मुळीच सांगत नाही. कल्चरही सर्वज्ञ नाही. विषमज्वराच्या शंभर रोग्यांत साठांच्या आसपासच ते जंतू पकडते. पण पकडले, म्हणजे जंतूचे नाव आणि त्यावरील औषध दोन्ही हाती येतात.

ह्या कागदावर रोग्याचा जीव किती अवलंबून असतो, ह्याचे एक उदाहरण देतो. 2018 साली नऊ देशांतील रुग्णालयांत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोग्यांच्या रक्तात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे जंतू होते. दुसरी दोन औषधे चालतील, असा प्रयोगशाळांचा निर्वाळा होता. मेरोपेनेम दिलेल्या 191 जणांपैकी 30 दिवसांत 7 दगावले. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्या 187 जणांपैकी 23. पुढे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा काही ठिकाणी वापरलेल्या चाचणीच्या पट्ट्याच चुकीचा अनुकूल निर्वाळा देत होत्या असे आढळले. असे नमुने वगळताच दोन औषधांमधील अंतर कमी झाले. म्हणजे परीक्षा हवीच, आणि ती चोखही हवी.

तर मग अहवाल येईपर्यंत रोग्याने वाट पाहावी काय? मुळीच नाही. रक्तदोष बळावला, की तासातासाला धोका वाढतो. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. नवजात अर्भकात जंतुदोषाची लक्षणे दिसताच त्या घरीच जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने दुसरे औषध देत. तेथे प्रयोगशाळा कोठली? तरीही नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. 1999 साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. पण हे शक्य झाले ते औषध जंतूवर चालत होते म्हणून. ते बोथट झाले, तर त्या शिकलेल्या हातांत काय उरेल?

म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी रक्ताचा नमुना, लगोलग औषध, आणि अहवाल आल्यावर औषधाचा फेरविचार. पहिल्या दोहोंत पाच-दहा मिनिटांचेच अंतर असते. परंतु ते उलट केले, तर जंतू अर्धमेले होऊन बाटलीत उगवत नाहीत आणि आपण वाट चुकतो.

ही तपासणी गावोगावी होणे कठीण. लातूर-नांदेडसारख्या शहरी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे ती होते. नमुना न्यावयाचा झाल्यास बाटली फ्रीजमध्ये ठेवू नये. थंडीने जंतू वाढावयाचे थांबतात.

आपण नागरिकांनी काय करावे? दुकानदाराकडे ‘एक भारी गोळी द्या’ असे म्हणू नये. 2014 सालापासून अनेक प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे. ती अडवणूक नव्हे, आपल्याच नातवंडांची राखण आहे. आधी घेतलेली गोळी डॉक्टरांपासून लपवू नये. आणि रोगी अत्यवस्थ असेल, तर नम्रपणे एवढे अवश्य विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, सुई देण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त घ्यायचे का?’

हा एक प्रश्न आज येथून प्रत्येकाने घरी नेला, तर माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.