एकटीचं ताट



आम्ही माणदेशातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. गटात आम्ही पंधरा जणी. त्यातल्या सहा जणींचे मालक आता नाहीत. पोरं कुणाची पुण्यात, कुणाची मुंबईला, कुणाची लांब परराज्यात गलाईच्या कामाला. घर मोठं, पण खाणारं तोंड एकच. आज त्या एका तोंडाविषयी बोलायचं आहे.

आधी एक सांगा. काल रात्री तुम्ही काय जेवलात? मनातल्या मनात उत्तर द्या, पण खरं द्या.

हा प्रश्न आम्हाला का पडला ते सांगतो. गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करणं चाललं होतं. आमच्यातली एक काकू भिंतीला टेकून बसली होती. तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीतरीच बोलायला लागली. नशीब, आशाताई तिथंच होत्या. काकू शुद्धीवर होती, म्हणून त्यांनी लगेच साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काय खाल्लं होतं?" काकू म्हणाली, "चहा." "काल रात्री?" "चहा आणि दोन टोस्ट." साखरेची गोळी मात्र तिनं सकाळी न चुकता घेतली होती. पोटात अन्न नाही आणि वर गोळी, त्यामुळं रक्तातली साखर एकदम खाली गेली होती.

येताना गाडीत कुणीच बोललं नाही. काकूचे मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत आम्ही तिला रोज विचारत होतो, "काकू, जेवण झालं का?" आणि ती रोज म्हणत होती, "झालं की." तिचा हप्ता किती, कर्ज किती फिटलं, हे आम्हाला रुपयासकट पाठ होतं. तिच्या टोपल्यात भाकरी आहे का, हे मात्र एकीनंही उचकून बघितलं नव्हतं. तिचं झंपर सैल झालेलं सगळ्यांना दिसत होतं. आम्ही म्हणायचो, दुःखानं वाळली. ती दुःखानं वाळली होती हे खरंच, पण ती उपाशीही होती.

पुढच्या बैठकीत हिशोबाची वही बाजूला ठेवली आणि एकट्या राहणाऱ्या सहा जणींना बोलतं केलं. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, "आमचं काय, होतंय कसंबसं." मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं.

एक म्हणाली, "तीस वर्षं मी त्यांच्या भुकेवर स्वयंपाक केला. ते रानातून आले की तवा ठेवायचा. आता कुणीच येत नाही, तर तवा कधी ठेवायचा तेच कळत नाही." दुसरी म्हणाली, "पिठाच्या डब्यात हात घातला की आपोआप दोघांचं पीठ येतं. परत डब्यात टाकताना जीव तुटतो, म्हणून डबाच उघडत नाही." तिसरी म्हणाली, "दिवस जातो कामात. दिवेलागणीला घर खायला उठतं. त्या वेळी चुलीपुढं बसवत नाही. चहा घेते आणि पडते." एकीनं खालच्या आवाजात सांगितलं, "मी एकदा अंड्याचं कालवण केलं. वास बाहेर गेला. शेजारीण म्हणाली, बरंय बाई तुझं! तेव्हापासून फोडणीच टाकत नाही."

ऐकून आम्ही गप्प झालो. कारण असं बोलणारी शेजारीणही आमच्यातलीच असते.

आपली रीत बघा. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतनं, शेजारपाजारनं पिठलं-भाकरी येते, "दोन घास खा" म्हणून गळ घालतात. तेराव्याला गोड होतं, पाहुणे परत जातात आणि चौदाव्या दिवशी त्या बाईपुढं रिकामी चूल राहते. ज्या दिवसापासून तिला एकटीनं शिजवायचं असतं, त्याच दिवसापासून विचारणारं कुणी उरत नाही. पुढं कुणाच्या घरी सवाष्ण जेवायला घालायची असली, तर पुरणाचा घाट घालायला तिला बोलावतात. पानावर बसवायला नाही. असं वर्षानुवर्षं झालं की तिलाच वाटायला लागतं, आपल्याला चांगलं खायचा हक्क नाही.

ही रीत बदलता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही म्हणतो, कपाळाचं आणि हातातलं तर झालंच पाहिजे, पण ताटातलंही बघू या. त्याला ग्रामसभेचा ठराव लागत नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. यातलं काही जमलं, काही फसलं.

पहिलं फसलेलं सांगतो. आम्ही काकूला पाळीपाळीनं डबा द्यायला लागलो. आठ दिवसांत तिनं बंद करायला लावला. म्हणाली, "मी काय आजारी आहे? हात आहेत मला." तिचं बरोबर होतं. जिनं जन्मभर दुसऱ्याला वाढलं, तिला रोज कुणाचं तरी आणलेलं खाणं जड जातं. सहा जणींपैकी एक म्हणाली, "संध्याकाळी मला कुणी नको. त्या वेळी मी त्यांच्याशी बोलते." आम्ही तिला तिच्या वेळेला एकटं सोडलं. पण तिनं जेवण संध्याकाळी पाचला, उजेड असतानाच उरकायचं ठरवलं. दिवेलागणीची वेळ चुलीपुढं काढायची नाही, म्हणजे घास घशात अडकत नाही.

जमलेली पहिली गोष्ट मापाची. एकटीला भाकरीच्या पिठाची एक वाटी, डाळ एक मूठ, तांदूळ अर्धी वाटी. ही वाटी पिठाच्या डब्यातच ठेवून द्यायची. मग हाताला विचारावं लागत नाही. मोठी पातेली माळ्यावर टाकली. बाजारातनं एक लहान कढई आणली. मोठ्या कढईच्या तळाला चमचाभर भाजी बघूनच अन्नावरची वासना उडते. लहान कढई भरलेली दिसते.

दुसरी गोष्ट, एकदा भिजवायचं आणि तीनदा खायचं. मटकी किंवा मूग मूठ-दोन मूठ भिजवून मोड आणायचे. एक दिवस उसळ, दुसऱ्या दिवशी थोडे वाफवून कांदा-टोमॅटो घालून, तिसऱ्या दिवशी डाळीत किंवा भातात. काहीच करायची इच्छा नसेल त्या दिवशी पिठलं. बेसनाचं करा नाहीतर हुलग्याच्या पिठाचं, दहा मिनिटांत होतं आणि पोटाला आधार राहतो. परसात शेवगा असेल तर त्याचा पाला भाकरीच्या पिठात मळा. कोंबड्या असतील तर सगळीच अंडी विकू नका, आठवड्यातली दोन-तीन आपल्यासाठी ठेवा. सकाळची भाकरी रात्री ताकात कुस्करून खाल्ली तरी ते जेवण आहे. चहा-टोस्ट हे जेवण नाही. आणि रोज नुसती चटणी, लोणचं, पापड यांवर भागवू नका. त्यात मीठ फार. ज्यांना बीपी आहे त्यांना ते वाईट. शिजलेला भात उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवून रात्री खाऊ नका. एकटीला जुलाब लागले तर पाणी द्यायलाही कुणी नसतं.

तिसरी गोष्ट साखरेच्या गोळीची. ज्या गोळी घेतात किंवा इंजेक्शन घेतात, त्यांनी ती जेवणाआधी की नंतर हे डॉक्टरांना नीट विचारून घ्यावं आणि जेवण चुकवू नये. घाम आला, हात कापले, डोळ्यापुढं अंधारी आली, तर लगेच साखर किंवा गूळ खायचा आणि शेजारी हाक मारायची. बाई बेशुद्ध असेल तर तिच्या तोंडात पाणी किंवा साखर काही घालायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. थेट दवाखाना गाठायचा.

चौथी गोष्ट पैशाची. नुसतं "खा, खा" म्हणून पोट भरत नाही. आमच्यातल्या दोघी खर्चाच्या भीतीनं खात नव्हत्या. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. मालकांचं नाव कमी झालं की तेवढं धान्यही कमी होतं. अंत्योदय कार्डाला मात्र कुटुंबाला पस्तीस किलो असतं, आणि निराधार विधवेचं घर त्यासाठी पात्र ठरू शकतं. आपलं कार्ड कोणतं आहे ते बघा, विचारा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र विधवेला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात होतो. मालकांचा मृत्यूचा दाखला, आधारकार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. हे अर्ज आम्ही गटानं बरोबर जाऊन भरले. दुःखातल्या बाईला एकटीनं खेटे घालणं होत नाही.

पाचवी गोष्ट आमच्या गुरुवारची. दर गुरुवारी दुपारी आम्ही एकीच्या घरी जमतो. प्रत्येकीनं आपल्या वाटीनं पीठ आणायचं आणि रानात, घरात जे असेल ते आणायचं. वांगं असो, मुळा असो, नाहीतर नुसते शेंगदाणे. ज्यांचे मालक आहेत त्याही येतात. कुणाला सवाष्ण म्हणायचं नाही, कुणाला वेगळं बसवायचं नाही. पहिला घास कुणी घ्यायचा याची पाळी लावली आहे, कारण आम्हा बायांना शेवटी जेवायची सवय फार जुनी आहे.

आता काकूचं सांगून थांबतो. तिच्या मालकांना हुलग्याची शेंगोळी फार आवडायची. ते गेल्यापासून तिनं केली नव्हती. शेंगोळी एकटीला करण्याजोगी नाहीच. पीठ मळा, लसूण वाटा, एकेक वळत बसा. मागच्या श्रावणाआधी गुरुवारची पाळी तिच्या घरी आली, तेव्हा ती आपणहून म्हणाली, "शेंगोळी करते." आम्ही सगळ्या वळायला बसलो. पातेलं उकळायला लागलं, लसणाचा वास सुटला आणि काकू पदर तोंडाला लावून रडली. आम्ही तिला उगी केलं नाही. थोड्या वेळानं तिनंच वाढायला घेतलं. सगळ्यांची ताटं झाल्यावर ती उठून आत जायला लागली, तेव्हा एकीनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि तिच्या ताटात वाढलं. ती जेवली. दोनदा रस्सा मागून घेतला. ताट धुताना म्हणाली, "त्यांना तिखट जास्त लागायचं. मला एवढंच बरं लागतं. हे मला माहीतच नव्हतं."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी कुणी असेल. कदाचित ती तुम्हीच असाल. आज घरी गेल्यावर तिला "जेवलीस का" एवढंच विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं. तिच्या चुलीपाशी जाऊन बसा आणि विचारा, "आज काय केलंस? मला वाढ थोडं." टोपलं रिकामं असेल तर रागावू नका. परात घ्या, पीठ घ्या, दोघी मिळून दोन भाकरी करा.

आणि ज्या एकट्या आहात त्यांना हात जोडून सांगतो. आज रात्री पातेल्यातनं खाऊ नका, उभ्यानं खाऊ नका. ताट घ्या, पाण्याचा तांब्या भरून घ्या, बसा आणि जेवा.