सोडलेल्या पाण्याची वेळ
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने आपल्या छंदाबद्दल बोलायचं आहे. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माझा छंद म्हणजे कुंडलिकेवरचं राफ्टिंग. कोलाड मुंबई-गोवा महामार्गावरच आहे, त्यामुळे ये-जा करताना तुम्ही ती नदी पाहिलेली असेल.

एप्रिल-मे महिन्यात आपले पऱ्ये आणि व्हाळ कसे दिसतात ते सांगायला नको. कुंडलिका मात्र तेव्हाही सकाळी भरून वाहते, कारण ते पाणी घाटावरचं. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, वीज तयार करतं आणि कुंडलिकेला मिळतं. हे वीजगृह १९२७ पासूनचं आहे. पाणी सुटलं की जवळजवळ १२ किलोमीटर राफ्टने जाता येतं. वीजनिर्मिती थांबली की पाणी उतरतं आणि सकाळी ज्या खळाळांवर आपण किंचाळलो, तिथे नुसते दगड दिसतात.

म्हणजे या नदीची वेळ पाऊस ठरवत नाही, वीजगृह ठरवतं. राफ्टवाले पाण्याची वेळ कळल्याशिवाय राफ्ट उतरवत नाहीत. लाइफ जॅकेट, हेल्मेट घालायचं, गाइड सांगेल तेव्हाच वल्हं मारायचं.

हे मी आज सांगते, कारण आपल्या जिल्ह्यातही असंच पाणी आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीला येतं आणि वीज तयार करून पुढे वाशिष्ठीला मिळतं. वीजगृहाखालची नदी आभाळ निरभ्र असतानाही चढते. सुट्टीत मुलं पात्र कोरडं बघून मधल्या खडकावर जाऊन बसतात. त्यांना एवढंच शिकवा : उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचं, 'पाणी कधी सुटतं?' भोंगा वाजला की चपला, डबे, मोबाइल तिथेच टाकून काठावर यायचं.

आणखी एक. मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. आपली मौज त्या पाण्यावर चालते, हे विसरू नये.

डिसेंबरात आपल्या तुकडीने कोलाडला जायचं का? नावं माझ्याकडे द्या. पोहता येत नसेल तरी चालेल. सर, बाई, तुम्हीही यायचं. तुमची शिट्टी ऐकून रांगेत उभं राहायची सवय आम्हाला अजून आहे, ती तिथे कामी येईल.