दुखण्याआधी विचारलेले प्रश्न



स्तनाच्या कॅन्सरवर व्याख्यान म्हटलं की लोक उपचार ऐकायच्या तयारीने येतात. मी आज उपचारांबद्दल फारसं बोलणार नाही. ज्या डॉक्टरीणबाईंची ओळख करून द्यायची आहे, त्यांच्या संशोधनातलं मुख्य हत्यार होतं छापील प्रश्नावली. पाळी कितव्या वर्षी आली? मुलं किती? पहिलं कितव्या वर्षी? प्रत्येकाला किती महिने अंगावर पाजलं? गोळ्या कोणत्या घेतल्या, किती वर्षं, कधी थांबवल्या? आपल्याकडे असले प्रश्न सासूबाई आणि सुईणी विचारत आल्या. व्हॅलरी बेरल यांनी ते लाखो बायकांना विचारले आणि उत्तरं नीट मोजली.

बेरल यांचा जन्म १९४६ सालचा, ऑस्ट्रेलियातला. सिडनी विद्यापीठातून १९६९ साली डॉक्टर झाल्या, मग इंग्लंडला आल्या. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बरीच वर्षं काढली आणि १९८९ साली ऑक्सफर्डला कॅन्सरच्या साथरोगशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे रॉयल सोसायटीच्या फेलो, मग 'डेम'. २०२२ साली त्या गेल्या. चरित्र एवढ्यावर आवरतो, कारण खरी गंमत त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

ही वाट त्यांच्या आधी एका बाईंनीच पाडली होती. जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ साली ब्रिटिश आरोग्य मंत्रालयासाठी एक अहवाल लिहिला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका आणि न झालेल्या ५०० बायका घेतल्या आणि दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. रुग्ण बायकांची लग्नं उशिरा झालेली होती आणि मुलं कमी होती. ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांना नाही, अशा दोन गटांची तुलना आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. तिचा हा पहिल्या काही नमुन्यांपैकी एक. या बाईंनी १९२९ साली लग्न केलं आणि त्यांचं संशोधन थांबलं. लग्न झालेल्या बाईला ब्रिटनच्या सरकारी सेवेत त्या काळी जागा नव्हती. बाळंतपणाचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडणाऱ्या बाईला लग्नापायी घरी बसावं लागलं, यावर आणखी काय बोलायचं?

खरं तर धागा त्याहून जुना आहे. इटलीतले रामाझ्झिनी हे वैद्य अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेले होते की जोगिणींच्या मठांमध्ये स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. मुंबईतही तेच दिसलं. १९६३ साली तिथे कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि आकडे हाती आले, तेव्हा पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतर समाजांपेक्षा जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी निघाला. पारशी समाजात लग्न उशिरा आणि मुलं कमी, हे आपल्याला सांगायला नको.

बेरल यांनी सुरुवातीला प्रश्नावलीही वापरली नाही. मृत्यूच्या सरकारी नोंदी काढून त्या पिढीवार लावून पाहिल्या. ज्या पिढीच्या तरुणपणी परमा जास्त पसरला होता, त्याच पिढीत पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मरणाऱ्या बायका जास्त, असं त्यांना दिसलं. म्हणून १९७४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये सवाल टाकला की हा आजार शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूमुळे होत असेल का? पॅपिलोमा विषाणूचा पुरावा यायला अजून जवळपास दशक होतं. चार वर्षांनी तीच रीत अंडाशयाच्या कॅन्सरला लावली. ज्या पिढीत घरटी मुलं कमी, तिथे हा आजार जास्त. टेबलाशी बसून, जुनी खातेवही उलटीपालटी करून, प्रयोगशाळेच्या आधी दिशा सांगायची. असं डोकं असणारी माणसं मला नेहमीच आवडत आली आहेत.

पण पिढीच्या आकड्यांवरून एका बाईबद्दल काही सांगता येत नाही. आणि एकेका अभ्यासाचीही अडचण होती. जगभर शेकडो संशोधक तेच प्रश्न विचारत होते. कुणाचं उत्तर गोळ्यांनी धोका वाढतो, कुणाचं वाढत नाही. वर्तमानपत्रांना रोज नवी बातमी, बायकांच्या जिवाला रोज नवा घोर. ऑक्सफर्डच्या गटाने ठरवलं की छापून आलेले निष्कर्ष गोळा करत बसायचं नाही. मूळ माहितीच मागायची, एकेका बाईची. आपली कच्ची आकडेवारी परक्याच्या हाती द्यायला कोणता संशोधक सहज तयार होईल? तरी लोकांनी दिली. १९९६ साली ५४ अभ्यासांची माहिती एकत्र झाली. देश २५, रुग्ण बायका ५३,२९७ आणि निरोगी १,००,२३९. उत्तर असं आलं की संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना धोका थोडा वाढतो आणि गोळ्या सोडून दहा वर्षं झाली की तो उरत नाही. शिवाय तरुण वयात हा आजार मुळात कमी, त्यामुळे थोडी वाढ म्हणजे बायका मोजक्याच. याच रीतीने २००८ साली अंडाशयाचा कॅन्सर तपासला. तिथे त्याच गोळ्या उलट संरक्षण देताना दिसल्या, आणि तेही सोडल्यानंतर कित्येक वर्षं.

२००२ सालचा निबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३० देशांतले ४७ अभ्यास. प्रत्येक बाळंतपणामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७ टक्क्यांनी घटतो, आणि वर अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी. श्रीमंत देशांत सत्तरीपर्यंत शंभरातल्या ६.३ बायकांना हा आजार गाठत होता. त्यांनी गरीब देशांतल्या आदल्या पिढीइतकी मुलं जन्माला घातली असती आणि तितकाच काळ पाजलं असतं, तर हा आकडा २.७ वर आला असता.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, मग सांगा मुलींना, विशीत लग्न करा, पाच-सहा मुलं होऊ द्या. असं म्हणणाऱ्याने आपल्या पणजीचं आयुष्य आठवावं. बाळंतपणात आणि त्यानंतर किती बायका गेल्या, किती मुलं गेली, हा हिशेबही मग मांडावा लागेल. संशोधकाने कारण दाखवलं म्हणून ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येतंच असं नाही. बेरल स्वतः म्हणत की बाळंतपणाने मिळणारं हे संरक्षण संप्रेरकांच्या साहाय्याने, मुलं न होताही देता येईल का, हे शोधायला हवं. त्या दिशेने हवं तितकं काम झालेलं नाही, असं माझं मत आहे.

आता प्रश्न कधी विचारायचा, याकडे येतो. गर्भपातामुळे पुढे स्तनाचा कॅन्सर होतो, असा प्रचार अमेरिकेत गर्भपातविरोधी मंडळी करत होती, आणि काही अभ्यासांत तसं दिसतही होतं. २००४ साली ऑक्सफर्डच्या गटाने ५३ अभ्यासांतल्या ८३,००० रुग्ण बायकांची माहिती दोन भागांत वेगळी केली. एका भागात गर्भपाताची नोंद आजार व्हायच्या आधीची होती. दुसऱ्यात कॅन्सर झाल्यावर विचारून घेतलेली. आधीच्या नोंदींत धोका वाढलेला नव्हता. नंतर विचारलेल्यांत थोडा वाढलेला दिसत होता. असं का व्हावं? इस्पितळात, गाठ निघाल्यावर समोरचा डॉक्टर विचारतो, तेव्हा बाई सगळं सांगून टाकते. कोणती गोष्ट उपयोगी पडेल कुणी सांगावं! पण धडधाकट बाईच्या दारात कुणी मुलाखत घ्यायला आला, तर तीस वर्षांपूर्वीचा गर्भपात ती कशाला उघड करील? कॅन्सर झालेल्या बायकांच्या नोंदीत गर्भपात जास्त दिसले, कारण त्यांनी ते सांगितले.

मग उपाय एकच, निरोगी असतानाच विचारायचं. पण शंभर निरोगी बायकांतल्या कितीजणी पुढे आजारी पडणार? म्हणून संख्या प्रचंड हवी. ब्रिटनमध्ये तेव्हा पन्नास ते चौसष्ट वयाच्या बायकांना सरकारी आरोग्यसेवेकडून मॅमोग्राफीसाठी घरी पत्र जाई. १९९६ ते २००१ या काळात ६६ केंद्रांच्या पत्रासोबत बेरल यांची प्रश्नावली गेली. बाईने ती घरीच सवडीने भरायची आणि तपासणीला येताना आणून द्यायची. वेगळा खर्च नाही, दारोदार फिरणं नाही. १३ लाख बायका जमल्या, म्हणजे देशातल्या त्या वयाच्या दर चार बायकांमागे एक. मिलियन विमेन स्टडी या नावाने हा अभ्यास जगभर ओळखला जातो.

पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, झोप उडते. त्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या तेव्हा सढळ हाताने दिल्या जात. चिरतारुण्याचं औषध म्हणूनही त्यांचा गाजावाजा झाला. २००२ साली या गोळ्यांची अमेरिकेतली मोठी चाचणी धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी बेरल यांचे आकडे आले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरकं घेणाऱ्या बायकांमध्ये कॅन्सरचा धोका दुप्पट. ब्रिटनमध्ये एका दशकात या उपचारांमुळे सुमारे २०,००० जादा रुग्ण झाले असावेत, हा त्यांचा अंदाज. त्यावर वादळ उठलं. तपासणीला येणाऱ्यांपैकी काहींना आधीच गाठ जाणवलेली असेल, हा प्रयोग नव्हे तर निव्वळ निरीक्षण आहे, असे आक्षेप आले. ते अगदीच पोकळ नव्हते. २०१९ साली त्याच गटाने जगभरच्या ५८ अभ्यासांवरून पुन्हा हिशेब केला. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही संप्रेरकं घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एक जादा रुग्ण. नुसतं इस्ट्रोजेन असेल तर दर २०० मागे एक. मला 'धोका दुप्पट' या मथळ्यापेक्षा हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो. रात्र रात्र झोप नसलेल्या एखाद्या बाईने तो ऐकून गोळ्या घ्यायचं ठरवलं, तर तिला कोण चूक म्हणेल?

शेवटी आपल्याकडचं. इथे घरोघरी मॅमोग्राफीचं पत्र येत नाही, इतक्यात येणारही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने म्हणून मुंबईत १९९८ साली वेगळाच प्रश्न घेतला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले, तर मृत्यू कमी होतील का? ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, त्यांतल्या निम्म्यांची दोन-दोन वर्षांनी तपासणी, चार फेऱ्या आणि एकूण वीस वर्षांचा पाठपुरावा. निकाल २०२१ साली छापला. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, आणि आपल्याकडे रुग्णांचा मोठा हिस्सा नेमका याच वयातला. पुढच्या अभ्यासाची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

मी थांबतो. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून पाठवा, नाव लिहायची गरज नाही.