आतला पत्ता, बाहेरचा पाहुणा

शनिवारवाड्याला दरवाजे ५. पण आतल्या दालनाचा पत्ता बाहेरच्या पाहुण्याच्या काय कामाचा? काफ्काचे सर्व्हर कुबरनेटीसच्या कंटेनरांत बसविले की नेमके हेच होते. बाहेरचा क्लायंट दाराशी येतो, पहिली भेट होते. मग काफ्का त्याला प्रत्येक ब्रोकरचा पत्ता देतो, आणि तो असतो आतल्या गोटातला! आम्ही दोन रात्री बिचाऱ्या नेटवर्कला बोल लावीत बसलो.

प्रत्येक ब्रोकरला बाहेरचे स्वतंत्र दार हवे. नोडपोर्ट घेतल्यास ते सहसा ३०००० ते ३२७६७ यांतले. बाहेरच्यांस ब्रोकरने तोच पत्ता सांगावा, आतल्यांसाठी निराळा. सर्वांना मिळून एक सामाईक दार पुरत नाही, कारण पार्टिशनचा लीडर जो ब्रोकर, लेखन त्याच्याच हाती पोचवावे लागते.