वाऱ्यावरचा खेळ



गोल्फ म्हटलं की आपल्याला साहेबांचा क्लब आणि मागून पिशवी वाहणारा पोऱ्या आठवतो. आज ज्या मैदानाबद्दल सांगणार आहे ते तसं नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं लहानसं गाव आहे. माझी लेक तिथून जवळच राहते, त्यामुळे काही वर्षं माझा उन्हाळा तिकडेच जातो. तिथलं 'ओल्ड कोर्स' हे सार्वजनिक मैदान. खेळायचं असेल तर सोडतीत नाव द्यायचं. रविवारी एरवी खेळ बंद असतो, तेव्हा लोक कुत्री घेऊन त्या हिरवळीवर खुशाल फिरतात.

ही जमीन म्हणजे शेती आणि समुद्र यांच्या मधली वाळूची पट्टी. आपल्या वेंगुर्ल्याकडे अशा जागी सुरूची झाडं लावतात, तिथे खेळ मांडला. वाळूमुळे पाणी चटकन मुरतं. पण झाडं जवळजवळ नाहीतच, म्हणजे वारा अडवायलाही कोणी नाही. ढोबळमानानं अर्धे होल गावापासून ईडन नदीच्या खाडीकडे जातात, उरलेले गावाकडे परत येतात. जाताना वारा पाठीशी असला तर आपण मोठे खेळाडू! परत फिरलं की तोच वारा तोंडावर.

त्याची चेष्टा करू नका हं. 2013 साली बायकांची ब्रिटिश ओपन स्पर्धा इथेच होती. शनिवारी वाऱ्यामुळे खेळ थांबवावा लागला आणि रविवारी एकाच दिवसात 36 होल खेळले गेले. अमेरिकेची स्टेसी लुईस जिंकली.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिघी खेळलो. बाकीच्या दोघी तिथल्याच, त्यातली एक सत्तरी ओलांडलेली. माझा खुबा आदल्या वर्षी बदललेला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण अठरा होल म्हणजे सहा-सात किलोमीटर, तेही उंचसखल जमिनीवर. मला जमतं की नाही, हे मला स्वतःलाच बघायचं होतं. लेक म्हणाली, "आई, छत्री नेऊ नकोस, उलटी होईल. दोन जादा हातमोजे आणि कोरडा टॉवेल ने." टॉवेलचं महत्त्व मला पाचव्या होलवर कळलं. काठीची मूठ ओली झाली की फटका मारताना काठीच हातातून निसटते.

निघालो तेव्हा ऊन होतं. तिसऱ्या होलवर सर आली, चौथ्यावर परत ऊन. आपल्याकडे श्रावणात येतं तसंच, फक्त पाऊस बोचरा गार. वारा समोरून असला की आपण जोर लावायला जातो. त्या आजीबाईंचं उलटं होतं. त्या मोठी काठी घ्यायच्या आणि अर्ध्याच ताकदीनं मारायच्या. चेंडू जमिनीलगत जायचा आणि घरंगळत हिरवळीवर पोचायचा. माझे उंच फटके वाऱ्यानं परत आणून दिल्यासारखे पडायचे. तासाभरानं मीही त्यांच्यासारखं मारू लागले.

अकराव्या होलवर, म्हणजे गावापासून बऱ्याच दूर, समुद्रावरून धुकं आलं. तिकडे त्याला 'हार' म्हणतात. आपल्या मराठी कानाला तो शब्द कसा लागतो पाहा! उबदार, दमट हवा गार समुद्रावरून आली की हे धुकं धरतं. समोरचा झेंडा दिसेना. पुढे माणसं असतील तर आंधळेपणानं चेंडू मारायचा नाही, म्हणून थांबलो. थांबल्यावर थंडी भरली आणि खुबा ठणकायला लागला. परत जाऊ या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आजीबाई म्हणाल्या, "परत गेलीस तरी चालायचं तेवढंच आहे. मग खेळतच का जाऊ नये?" त्यांनी थर्मासमधला चहा दिला. वीस मिनिटांत धुकं विरळ झालं आणि आम्ही पुढे निघालो. वीज चमकत असती तर मात्र मी ऐकलं नसतं. उघड्या माळावर धातूची काठी घेऊन उभं राहू नये. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवायची नियमातच मुभा आहे.

अठराव्या होलवरचा जुना दगडी पूल ओलांडला तेव्हा माझे बूट भिजून जड झाले होते. पार 72, माझे फटके 121. खुब्यानं साथ दिली. रात्री शेकला, एवढंच.

या गावाची आणखी एक गोष्ट सांगते. पहिल्या होलमागे रॉयल अँड एन्शंट या क्लबची देखणी इमारत आहे. क्लब 1754 सालचा, आणि बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं 2014 साली! पण गावातल्या बायका काही वाट बघत बसल्या नव्हत्या. खांद्यावर हात नेऊन फटका मारणं बाईला शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत. म्हणून 1867 साली त्यांनी नुसत्या पटरनं खेळायचा स्वतःचा क्लब काढला. त्यांची हिरवळ इतकी चढउतारांची आहे की तिचं नाव पडलं 'हिमालय'. आजही ती आहे, आणि पाहुण्यांनाही तिथे खेळता येतं.

तुमच्यापैकी कोणी लेकीसुनांकडे तिकडे गेलात तर सुरुवात तिथून करा. पटर तिथेच मिळतो, आधी काही शिकावं लागत नाही. साडी नेसून खेळलात तरी चालतं, फक्त पदर खोचून घ्या, कारण वारा तिथेही सुटतोच.