कामाचे शिक्षण आणि नवी साधने



‘आधुनिक तंत्रज्ञान आणि कामगारांचे प्रशिक्षण’ हे विषयाचे नाव चालकांनी पत्रकावर छापले, तेव्हा आमच्या मनात थोडी धाकधूक होती. वसंत ऋतूतील संध्याकाळ, घरोघर आंब्यांचे दिवस; असल्या विषयाला कोण येणार? तरीही आपण आलात. या सभागृहात कारखान्यातून पाळी संपवून थेट आलेली काही मंडळी दिसतात. त्यांना हा विषय आमच्याहून अधिक ठाऊक असेल. तेव्हा चुकल्यास त्यांनी सांभाळून घ्यावे.

आरंभी आमच्याच एका फजितीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात नव्या मुलांना सीएनसी लेथचे काम शिकविण्यासाठी संगणकावरचा एक पाठ तयार करावयाचा होता, व ते काम आमच्याकडे आले. आम्ही यंत्राचे पुस्तक वाचले, सुरेख रंगीत चित्रे काढवून घेतली, हलणारे बाण घातले. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा ठेवली. पाठ मोठा देखणा झाला. साहेबांनी पाठ थोपटली. तीन महिन्यांनी पाहतो तो सगळी मुले पाठ ‘पूर्ण’ करून उत्तीर्ण झाली आहेत, आणि वाया जाणाऱ्या जॉबांचा ढीग मात्र जसाच्या तसा! चौकशी केली तेव्हा समजले, की वीस प्रश्नांची उत्तरे संगणकखोलीच्या दारामागे चिकटविलेली आहेत, आणि एक चलाख मुलगा जेवणाच्या सुटीत इतर पाचजणांचे पाठही ‘पुढे, पुढे’ करीत पुरे करून देतो. आम्हांस त्या मुलाचा राग आला नाही. ज्या पाठात शिकण्यासारखे काही नाही, तो लवकर संपविणे यात शहाणपणच होते.

मग जे काम आधी करावयास हवे होते ते आम्ही उशिरा केले. आठवडाभर एका जुन्या टर्नरच्या शेजारी उभे राहिलो. मुले त्यांना काका म्हणत. काका यंत्राकडे फारसे पाहतच नसत. मधेच मान किंचित वळवीत आणि गती कमी करीत. आम्ही विचारले, “का हो?” ते म्हणाले, “चॅटर मारायला लागलं होतं.” टूल झिजले, जॉब पकडीबाहेर फार लांब राहिला किंवा गती जुळली नाही, की टूल आणि जॉब थरथरू लागतात व पृष्ठभागावर लाटांसारखे व्रण उठतात. नव्या मुलांना ते व्रण दिसल्यावर कळे. काकांना ते उठण्यापूर्वी ऐकू येई. आमच्या त्या देखण्या पाठात बेचाळीस चित्रे होती आणि आवाज एकही नव्हता!

साधन आधी हाती घेतले आणि काम मागाहून पाहिले, एवढीच आमची चूक. पण ही चूक फार ठिकाणी होते, म्हणून सांगितली. आज तर डोळ्यांवर चढवावयाचे आभासी चष्मे आले आहेत, प्रश्नांना उत्तरे देणारी संगणकबुद्धी आली आहे. पाठ तयार करणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले आहे. निरुपयोगी पाठ तयार करणे तर त्याहून सोपे.

या विषयात ज्यांनी खरोखर मजल मारली त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे, आणि ती सुरू होते एका बाजाच्या कारखान्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमान चालविण्यास शिकणे फार महाग पडे. म्हणून लिंकने 1929 साली ऑर्गनमधलेच भाते व हवेचे पंप वापरून जमिनीवरच डुलणारे, वळणारे एक ठेंगणे विमान तयार केले. प्रथम ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांतच खपले. पुढे 1934 च्या फेब्रुवारीत सरकारने टपाल वाहण्याचे काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे दिले. ऐन हिवाळा, धुके, आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नाही. काही आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक मरण पावले. तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली व सहा यंत्रे विकत घेण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात त्या निळ्या पेट्यांची संख्या हजारांवर गेली.

आम्हांस त्या पेटीपेक्षा शिक्षकाच्या टेबलावरचे एक लहानसे उपकरण अधिक मोलाचे वाटते. तीन चाकांचा, शाई लावलेला एक गाडा नकाशावरून सरकत जाई आणि शिकाऊ वैमानिक कोठे भरकटला त्याची रेघ ओढी. पेटीतून बाहेर आल्यावर त्याला आपली वाट स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. गुरुजींना रागावण्याचे कारण उरत नसे. आणि खऱ्या आकाशात जी चूक जिवावर बेतली असती, ती येथे कागदावरची वाकडी रेघ होऊन राही.

तरीही विमाने पडतच राहिली, कारण हात शिकले म्हणजे माणसे शिकली असे होत नाही. 28 डिसेंबर 1978 रोजी पोर्टलंड शहराजवळ एक डीसी-8 विमान चाकांच्या बिघाडाचा विचार करीत सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपून कोसळले. दहा जण गेले. इंधन कमी होत असल्याचे कॉकपिटमध्ये बोलले गेले होते. पण कप्तानाला ठणकावून कोणी सांगितले नाही, आणि त्याच्याही ते ध्यानात आले नाही. आपल्याकडे वरिष्ठांपुढे ‘तुम्ही चुकता आहात’ म्हणणे किती कठीण, हे आम्ही सांगावयास नको! 1979 मध्ये नासाने या प्रश्नावर परिषद भरविली, आणि 1981 पासून त्याच विमानकंपनीने सबंध चमूला एकत्र बसवून शिकविण्यास आरंभ केला. कृत्रिम विमानात पूर्ण उड्डाण करावयाचे, मधे संकटे येऊ द्यावयाची, सारे चित्रफितीवर टिपावयाचे आणि मग सर्वांनी मिळून स्वतःलाच पाहावयाचे. 19 जुलै 1989 रोजी सू सिटी येथे त्याच कंपनीचे डीसी-10 विमान सगळी नियंत्रणे निकामी होऊन उतरले. विमानातील 296 पैकी 184 जण वाचले, आणि कप्तान हेन्स यांनी त्याचे श्रेय पुष्कळसे या शिक्षणाला दिले.

आता ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की ती चित्रफीत पाहून झाली की पुसून टाकीत. वरिष्ठांच्या कपाटात ती जात नसे. नाही तर कोण कप्तान कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी चुकला असता?

हे सारे वाचल्यावर आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. त्यांच्याच मोबाइलवर आवाज टिपले : निरोगी कटाचा, झिजलेल्या टूलचा, लांब राहिलेल्या जॉबचा. पाठ अर्ध्या मिनिटाचा. आवाज ऐकावयाचा, काय बिघडले ते सांगावयाचे, आणि तुम्ही काय कराल तेही. मग तोच प्रश्न दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. कारण शिकलेले किती झपाट्याने विसरते हे एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवर प्रयोग करून 1885 सालीच दाखविले होते. मुले चुकत, हसत, काकांना विचारीत. जॉबांचा ढीग उतरू लागला.

आणि मग वरून निरोप आला, की कोण किती चुकतो त्याची नावानिशी यादी पाठवावी. पगारवाढीच्या वेळी उपयोग होईल. श्रोतेहो, येथे आम्ही कमी पडलो. पुसलेल्या चित्रफितीची गोष्ट आम्हांस ठाऊक होती, तरी आम्ही ती यादी दिली. महिन्याभरात सगळ्या मुलांना शंभरपैकी शंभर गुण मिळू लागले. काकांना कोणी काही विचारीनासे झाले. जॉब पुन्हा वाया जाऊ लागले. जो मुलगा पूर्वी इतरांचे पाठ उरकून देई, त्यानेच एकदा आम्हांला जिन्यात गाठून म्हटले, “साहेब, चुकलं तर पैसे कापणार, मग शिकायचं कुठं?”

त्याचे ते वाक्य आम्ही जसेच्या तसे साहेबांच्या कानावर घातले. तीन बैठका झाल्या, एकीत आवाजही चढले. शेवटी नोंदीतून नावे गेली. कोणता आवाज किती जणांना ओळखता आला नाही, एवढाच आकडा आता राहतो. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या आवाजाला निम्मी मुले चुकली. आम्ही मुलांना पुन्हा बसवावे म्हणत होतो. काका तोवर निवृत्त झाले होते, म्हणून फोन घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो आवाज दोनदा ऐकला आणि म्हणाले, “मुलांचं काही चुकलं नाही. मागं कॉम्प्रेसर चालू आहे, तो बंद करून पुन्हा भरून घ्या.”