नकाराचा हक्क आणि क्षमेचा अधिकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गातला एक तास कादंबऱ्यांवर खर्ची का घालावा, अशी शंका काहींना येणे स्वाभाविक आहे. मी ज्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे त्यांत भविष्यातील भयाण राज्यव्यवस्थांचे चित्रण आहे. शीतयुद्धाच्या काळात अशा पुस्तकांचा वापर समाजवादाविरुद्धच्या प्रचारासाठी झाला, हेही खरे आहे. परंतु जॉर्ज ऑर्वेल स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवीत असे आणि १९३७ साली स्पेनच्या रणांगणावर फॅसिस्टांविरुद्ध लढताना त्याच्या गळ्यात गोळी शिरली होती. येवगेनी झाम्यातिनने १९०५ च्या क्रांतीत बोल्शेविकांच्या बाजूने तुरुंगवास भोगला होता. तेव्हा ही शत्रूची पुस्तके म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही.

जुलमी सत्तेला केवळ आज्ञापालन हवे असते असा आपला समज असतो. या कादंबऱ्या सांगतात की तेवढ्याने तिचे समाधान होत नाही. तिला संमती हवी असते. झाम्यातिनने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी सोव्हिएत रशियात १९८८ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकली नाही. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी सर्वांनी उघडपणे हात वर करून त्याच सर्वाधिकाऱ्याची निवड करायची असते. निकाल ठाऊक असताना मतदानाचा खटाटोप कशासाठी? कारण लोकांच्या होकाराशिवाय सत्तेला आपल्या न्याय्यतेची खात्री पटत नाही. एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात, आणि दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र निवड एकमताने झाल्याचे जाहीर करते. नकाराची नोंदच जिथे होत नाही, तिथे होकाराची किंमत शून्य असते.

मार्गारेट ॲटवुड या कॅनेडियन लेखिकेच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) मध्ये हाच प्रश्न स्त्रीच्या देहापाशी येऊन ठेपतो. मूल होऊ शकणाऱ्या स्त्रिया सत्ताधाऱ्यांच्या घरी अपत्यासाठी नेमून दिलेल्या आहेत. दुसरा पर्याय म्हणजे विषारी कचरा उपसत मरणे. नायिका स्वतःलाच समजावते की आपल्याला निवड होती, थोडीशी का होईना. पुढे तिच्या घरचा अधिकारी तिला गुप्तपणे बोलावून घेतो आणि तिने आपले चुंबन मनापासून घ्यावे अशी अपेक्षा धरतो. देह आधीच त्याच्या ताब्यात आहे. आता त्याला तिचे मनही हवे आहे.

ही कल्पनेतली अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातील मथुरा प्रकरण आठवावे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती गृहीत धरली आणि दोन्ही पोलिसांना सोडून दिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले, की शरण जाणे म्हणजे संमती देणे काय? स्त्रियांच्या चळवळीने तो प्रश्न रस्त्यावर नेला आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील स्त्री संमती नव्हती असे सांगत असेल तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, असे ठरले. गणवेशधारी सत्तेसमोरचे मौन हा होकार नव्हे, ही गोष्ट कायद्याला शिकवावी लागली.

आता क्षमेकडे वळू. ऑर्वेलच्या ‘१९८४’ (१९४९) मध्ये छळ असह्य झाल्यावर विन्स्टन ओरडतो, की ही यातना मला नको, ज्युलियाला द्या. पुढे ती दोघे भेटतात तेव्हा एकमेकांचा विश्वासघात केल्याचे कबूल करतात. अपराधाचे ओझे त्या दोघांच्या माथी. छळ करणारा नामानिराळा. ॲटवुडच्या कादंबरीत जनीन नावाच्या मुलीला सर्वांसमक्ष वदवून घेतले जाते, की आपल्यावर झालेला सामूहिक बलात्कार हा आपलाच दोष होता. जुलमाची परिसीमा ती हीच: पीडिताने क्षमा मागावी आणि सत्तेने ती मोठ्या मनाने द्यावी.

याउलट दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आहे. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर तेथील सत्य आणि समेट आयोगापुढे १९९६ पासून सुनावण्या झाल्या. राजकीय हेतूने केलेल्या अत्याचारांचे संपूर्ण सत्य सांगणाऱ्याला शिक्षेपासून मुक्ती मिळू शकत होती. त्यावर अनेक पीडित कुटुंबांनी रोष व्यक्त केला, आणि तो रास्त होता. तरीही एक भेद कायद्याने पाळला: क्षमा करण्याची सक्ती कोणावरही नव्हती. शिक्षा माफ करणे राज्याच्या हाती असेल. क्षमा करणे ज्याने सोसले त्याच्याच हाती असते.

साथींनो, हा भेद आपल्या संघटनांत पाळला जातो काय? एखादी कार्यकर्ती ज्येष्ठ नेत्याविरुद्ध तक्रार घेऊन येते तेव्हा तिला काय सांगितले जाते? चळवळीची बदनामी होईल. त्यांचा त्याग पाहा. झाले गेले विसरून जा. ती गप्प बसते आणि आपण प्रकरण सामोपचाराने मिटले अशी नोंद करतो. त्या मौनाला संमती म्हणणे आणि त्या माघारीला क्षमा म्हणणे, हे त्या कादंबऱ्यांतील राज्यकर्त्यांचेच तर्कशास्त्र आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. परंतु पक्षकार्यालयात पगाराविना राबणाऱ्या कार्यकर्तीला तक्रार कुठे करायची याचे उत्तर आपणच द्यायला हवे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने बाहेरील व्यक्तींचा समावेश असलेली तक्रार समिती नेमावी. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी तक्रारदाराजवळ समेटाचा शब्दही कोणी काढू नये. आणि सभेत ठराव एकमताने संमत झाला असे लिहिताना, विरोधात हात वर करणे तेथे कोणाला खरोखर शक्य होते काय, हे अध्यक्षांनी स्वतःला विचारावे. ज्या समाजाचे स्वप्न आपण सांगतो त्याची परीक्षा सत्ता हाती येण्यापूर्वीच, आपल्या छोट्या सत्तांच्या वापरात होत असते.